परतीचं तेल

बाबूभाई मुलाण्यांचा गाडीतल्या तेलाच्या काट्यावर काडीचाही विश्वास नव्हता. "त्यो सायबाचा मानूस हाय," ते म्हणायचे. "सायेब गाडीत बसला की वर जातो, सायेब उतारला की खाली. त्याला काय इचारायचं?" काट्याऐवजी त्यांच्याकडे बांबूची एक काठी होती. बोटाएवढी जाड, हातभर लांब, चाकूने खाचा पाडलेली. रोज सकाळी ती टाकीत सोडायची, बाहेर काढायची, उन्हात तिरपी धरून पाहायची आणि मग आज आपण कुठवर जाणार ते जाहीर करायचं. डॉक्टरांनी ठरवलेला दौरा आणि वरच्या साहेबांची सही यांचा नंबर काठीच्या नंतर लागायचा.

मी तेव्हा पिंपरीतल्या एका कारखान्याच्या दवाखान्यात नर्स होते. सत्तर-बहात्तरच्या सुमारास कंपनीने आसपासच्या खेड्यांसाठी फिरता दवाखाना काढला. नाव मोठं होतं. प्रत्यक्षात एक निळी डिझेल गाडी, तिच्यात दोन बाक, औषधांचं एक कपाट, डॉक्टर सबनीस, मी आणि चालवायला बाबूभाई. आठवड्यातून दोनदा भोसरी, मोशी करत चाकण गाठायचं आणि तिथून पश्चिमेला वळून भामा नदीच्या खोऱ्यात शिरायचं. चाकणपर्यंत डांबर होतं. पाईटपर्यंत खडी. त्याच्यापुढे बाबूभाई म्हणतील तो रस्ता. चाकणचा पंप हा आमचा शेवटचा पंप. त्याच्यापुढे डोंगराला डोकं लागेपर्यंत डिझेलचा थेंब मिळायचा नाही, आणि त्या पंपावर तरी कधी 'स्टॉक नाही'ची पाटी लागेल याचा नेम नसे. टंचाईच्या दिवसांत तर पंपवाला ती पाटी काढायचेही कष्ट घेत नसे. डिझेल आलं की नुसती उलटी करायचा.

बाबूभाई चाकणचेच. त्यांच्या घराण्याकडे आजूबाजूच्या गावांच्या जत्रांत बोकडावर सुरी फिरवायचा मान होता, त्यामुळे खोऱ्यातलं प्रत्येक घर त्यांच्या बापाला तरी ओळखायचं. सडपातळ बांधा, पांढरी टोपी, खाकी शर्टाची गळ्याशी असलेली गुंडी भर उन्हाळ्यातही लावलेली. वयाने माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे असूनही मला कायम 'बाई' आणि 'तुमी'. मी तोंडाची फटकळ. माझ्या फटकळपणाला दवाखान्यातले शिपाईसुद्धा टरकून असायचे. बाबूभाईंवर मात्र त्याचा काही परिणाम होत नसे. मी चिडले की ते गाडीचा वेग थोडा कमी करायचे आणि माझं बोलून होईपर्यंत वाट पाहायचे. चिडलेल्या माणसाला याच्याइतका राग दुसऱ्या कशाचा येत नाही.

माझी त्यांच्याशी पहिली चकमक उडाली ती उतारावर. पाईटच्या पुढच्या खिंडीतून गाडी खाली उतरताना ते गिअर काढून टाकायचे. गाडी मोकळी सुटायची, औषधाच्या बाटल्या कपाटात किणकिणायला लागायच्या आणि माझ्या तोंडचं पाणी पळायचं.

"बाबूभाई, तुम्हाला मरायचंय का?" मी ओरडले.

"उतार फुकट हाय, बाई," ते समोर पाहत म्हणाले. "देवानं दिलेला. त्याच्यावर बी तेल जाळलं तर पाप लागंल."

गाडी कधी सपाटीवर उभी करायची नाही, नेहमी उतरणीला तोंड करून, म्हणजे बॅटरी बसली तरी ढकलायला माणसं शोधावी लागत नाहीत. चढावर मागे घाईची यष्टी असली तरी हॉर्नला भीक घालायची नाही. चार ठिकाणी थांबण्याऐवजी एका वडाखाली थांबायचं आणि गावांना तिथे बोलवायचं. असं करत करत दिवसाकाठी चार-पाच लिटर डिझेल त्यांच्या हाताला उरायचं. आता हे उरलेलं जातं कुठे, ते मला पहिल्याच वर्षी कळलं. एका गावात बाकाखालून त्यांनी पत्र्याचा डबा काढला आणि तो शाळेच्या म्हाताऱ्या मास्तरांच्या घरात नेऊन ठेवला. मी मनात म्हटलं, वा, गुंडी गळ्यापर्यंत लावणारा हा माणूस डिझेल विकतो की काय! पोटात ठेवायचा माझा स्वभाव नाही. गाडी सुरू व्हायच्या आधीच विचारलं.

त्यांनी इंजिन बंद केलं. अशा गोष्टी ते इंजिन चालू ठेवून बोलत नसत.

"बाई, जायाचं तेल पंपाचं असतं. यायाचं तेल मान्सांचं असतं," ते म्हणाले. "पंपाचा काय भरवसा? आज हाय, उद्या न्हाई. आपल्याला जाग्यावर जाता आलं पर परतता न्हाई आलं तर? म्हनून मी पाच जागी डबं ठेवल्यात. कंपनीचंच तेल हाय आनि कंपनीच्याच गाडीत जातंय. मधी फकस्त जरा इसावा घेतंय."

पाच गावांत पाच डबे, आणि त्यांना सांभाळणारी पाच माणसं. ही माणसं त्यांनी कशी निवडली, तेही मी विचारलं. पाटलांचा वाडा नाही, सोसायटीचं ऑफिस नाही. एकीकडे मास्तर, दुसरीकडे देवळाचा गुरव, तिसरीकडे कुणी लोहार. आवळेवाडीला, म्हणजे आमच्या रस्त्याच्या अगदी टोकाला, ठकूबाई नावाची बाई. तिचा नवरा अंथरुणाला खिळलेला होता आणि दोन भातखाचरं ती एकटी करायची.

"तिच्याकडं का?" मी विचारलं.

"पयल्यांदा पानी प्यायला गेलो तवा बघितलं. हंड्यावर झाकन व्हतं, कळशीवर झाकन व्हतं, तांब्यावर बी व्हतं. ज्याच्या घरी पान्यावर झाकन असतं, त्याच्या घरी तेल ठेवायला हरकत न्हाई."

ठेवीचा त्यांचा नियम सगळ्यांना सारखाच होता. अडचण आली तर डब्यातलं खुशाल वापरावं, विचारायला थांबू नये. फक्त सांगावं. रिकामा डबा भरलेला म्हणून ठेवू नये. एवढं सांगितल्यावर ते पुन्हा त्या डब्याची आठवण काढत नसत. "रोज इचारलं तर ती ठेव ऱ्हात न्हाई, पहारा व्हतो," असं त्यांचं म्हणणं.

त्यांच्या सामानात आणखी एक चीज होती. साहेब लोक घालायचे तसली जुनी फेल्टची हॅट. चाकणच्या बाजारात कुठल्याशा भंगारवाल्याकडे त्यांनी ती मिळवली होती. डिझेलमध्ये त्या काळी पाणी असायचं, गाळ असायचा, आणि काय काय असायचं ते पंपवाल्यालाच ठाऊक. बाबूभाई ती हॅट टाकीच्या तोंडावर उलटी धरायचे आणि तेल तिच्यातून गाळून घ्यायचे. तेलात भिजलेल्या फेल्टमधून तेल खाली झिरपतं आणि पाणी वर राहतं. एरवी ती ड्रायव्हरच्या मागच्या खिळ्याला लटकलेली असायची. एकदा कंपनीचे एक बडे अधिकारी आमचं काम पाहायला म्हणून आले. आवळेवाडीच्या उन्हात त्यांचं टक्कल तापलं. खिळ्यावर हॅट दिसल्यावर त्यांनी ती कुणाला न विचारता डोक्यावर चढवली आणि गावकऱ्यांपुढे कुटुंब नियोजनावर भाषण सुरू केलं. पाचच मिनिटांत डिझेलचे ओघळ त्यांच्या कानांमागून उतरायला लागले. डॉक्टर सबनीस औषधाच्या कपाटात डोकं घालून हसत होते. बाबूभाईंनी मात्र चेहऱ्याची सुरकुती हलू दिली नाही. भाषण संपल्यावर त्यांनी अदबीने हॅट परत घेतली आणि हळूच म्हणाले, "सायेब, बिडी-काडी जरा लांबूनच वढा आता."

पण हा माणूस गरीब गाय होता असं कुणी समजू नये. एकदा वरच्या एका गावात आमच्या शिबिराचं उद्घाटन होतं. मांडव, हार, कंपनीचे मोठे लोक मोटारींनी पुढे गेलेले. चाकणच्या पंपावर डिझेल नव्हतं, आणि पावसाने वाट खचून त्या बाजूचा डबाही उचलून आणलेला होता. बाबूभाईंनी निम्म्या वाटेत गाडी थांबवली, काठी टाकली आणि गाडी वळवायला घेतली.

"मुलाणी, अहो काय करताय?" डॉक्टर ओरडले. "तिथे सगळे थांबलेत!"

"तेल निम्म्यावर आलं, डाक्टर. आता फुडं गेलो तर मागं येता येनार न्हाई."

"मग राहू की तिथे! तेल उद्या मागवू!"

"आनि आज तिथं कुनी शिरीयस निगालं तर?" बाबूभाई म्हणाले. "पोचनं हे निम्मं काम हाय. आजारी मानूस गाडीत घ्यायचं आनि वाटंत गाडी बंद पाडायची, त्यापरास न गेल्यालं बरं. घरी मेला तर देवानं नेला म्हनतील. आपल्या गाडीत मेला तर आपन मारला."

आम्ही परत आलो. डॉक्टर तीन दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत, मीही थोडी घुश्श्यातच होते. तिथे जिलबी होती असं नंतर कळलं.

एवढा हिशेबी, एवढा सावध माणूस एकदाच चुकला, आणि त्या चुकीबद्दल मला आज सांगायचं आहे.

एकोणऐंशी साल असावं. पुन्हा टंचाई आली होती. पंपांवर ट्रकच्या रांगा लागत होत्या आणि डिझेल साठवलं म्हणून लोकांना पकडून नेत होते. पावसाळ्याचे शेवटचे दिवस होते. आवळेवाडीला हिराबाई नावाची पहिलटकरीण माझ्या नजरेखाली होती. विशीची पोर, सातव्या महिन्यातच पाय सुजलेले, रक्तदाब चढलेला. पुढच्या खेपेला हिला बरोबर घेऊन यायचं आणि बाळंतपण होईपर्यंत पिंपरीच्या मोठ्या दवाखान्यात ठेवायचं, असं मी तिच्या सासूला बजावून आले होते. ती खेप आली तेव्हा चाकणचा पंप तीन दिवसांपासून कोरडा होता, कंपनीच्या टाकीतलं तेल जनरेटरसाठी राखून ठेवलेलं, आणि डॉक्टर सबनीस रजेवर. दौरा रद्द करा, असा निरोप वरून आलाच होता.

बाबूभाईंनी काठी टाकली. आवळेवाडीपर्यंत जाऊन अगदी थोडं उरेल एवढं तेल होतं.

"बाई, त्या पोरीचं दिस भरत आलं न्हवं?" त्यांनी विचारलं.

"आले."

"मंग जायाचं. वाटंवरचं डबं ह्या टंचाईत सपल्यात, पर परतीचं ठकूबाईकडं हाय."

आम्ही दुपारी पोचलो तेव्हा हिराबाई खोपटात पडली होती. डोकं ठणकत होतं, डोळ्यांपुढे अंधारी येत होती. मी दाब मोजला, तो भलताच चढला होता. मी पट्टा सोडवतेय तोच तिला झटका आला. जवळ होतं ते इंजेक्शन मी दिलं. आता तिला तासा-दोन तासांत दवाखान्यात नेलं नाही तर आई आणि मूल दोन्ही जाणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. चौघांनी तिला बाजेसकट उचलून गाडीत घातलं. सासू शेजारी बसली. बाबूभाई गाडी ठकूबाईच्या दारात घेऊन गेले.

ठकूबाईचं कपाळ मोकळं होतं. तिचा नवरा श्रावणात गेला होता, हे आम्हाला ठाऊक होतं. तिने डबा आतून आणला, पण बाबूभाईंच्या हातात द्यायला ती कचरत होती. त्यांनी तो घेतला, बूच काढलं, टाकीच्या तोंडावर हॅट धरली आणि ओतायला सुरुवात केली. आधी थोडं तेल पडलं. मग हॅटमध्ये पाणी साचायला लागलं. त्यांनी हात थांबवला. हॅट रिकामी करून पुन्हा ओतलं. पुन्हा पाणीच.

डब्यात वर चार बोटं डिझेल आणि खाली सगळं पाणी होतं.

मी ठकूबाईवर तुटून पडले. काय बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतं आणि त्याची आजही लाज वाटते. तिच्यामुळे ही पोर मरणार, असंही म्हणाले. ठकूबाई खाली बसली.

"सरावनात ह्यांचं झालं, दादा," ती बाबूभाईंना म्हणाली. "तीन दिस पान्यानं उसंत दिली न्हाई. लाकडं पेटंनात. अर्ध्यावर इझलं सरन. ह्यांना तसंच ठिवून मान्सं माझ्याकडं बघाया लागली. मंग म्या डबा दिला."

"सांगितलं का न्हाईस गं?"

"मागनं डबा हालका दिसाया लागला. लाज वाटली. म्हनलं, भात निगाला की भरून ठेवीन, तवर पान्यानं तरी भरलेला दिसूंदे. तुमी दोनदा येऊन बसलात. तुमी इचारलं न्हाई, आन् मला सांगवलं न्हाई."

हे खरं होतं. त्या दोन्ही वेळा मी बरोबर होते. बाबूभाई तिच्या ओसरीवर बसले, गेलेल्या माणसाबद्दल चार शब्द बोलले आणि उठले. दुखवट्याच्या घरात तेलाची चौकशी कशी करायची? तिने लाजेपायी सांगितलं नाही आणि यांनी भिडेपायी विचारलं नाही. दोघांची भलमनसाई त्या पोरीच्या जिवावर उठली होती.

मी पुन्हा तोंड उघडलं तेव्हा बाबूभाई माझ्याकडे वळले. इतक्या वर्षांत त्यांनी एकदाच माझ्यावर आवाज चढवला, तो त्या दिवशी.

"गप बसा, बाई! तेल जाग्यावर लागलंय. चूक माझी हाय. इस्वास ठेवायचा म्हंजी हात लावून बघायचंच न्हाई, आसं कुनी सांगितलं व्हतं?" आणि मग ठकूबाईला म्हणाले, "ऊठ. राकेल कुनाकुनाकडं हाय, सांग. आनि खुरासनीचं तेल. नुसतं राकेल इंजिनाच्या पंपाला कोरडं पडतंय, त्याला वंगन पायजे."

ठकूबाई उठली आणि पळत सुटली. वाडीत तेवीस-चोवीस उंबरे असतील. रेशनवर महिन्याला मिळायचं रॉकेल बाटलीभर, तेही आणायला पाईटपर्यंत चालत जावं लागे. पण बायका यायला लागल्या. कुणी बाटली आणली, कुणी कंदील तसाच उचलून आणला आणि त्याची टाकी आमच्यापुढे उलटी केली. एका म्हातारीने चिमणीतलं घोटभर आणलं, ते बाबूभाईंनी नको म्हटलं नाही. ठकूबाईने स्वतःच्या घरातलं खुरासणीचं, म्हणजे कारळ्याचं, तेल मडक्यासकट आणलं. वर्षाचं तेल होतं ते. बाबूभाईंनी डब्यातलं वरचं डिझेल आधी अलगद काढून घेतलं, मग रॉकेल, मग अंदाजाने खुरासणी, सगळं हॅटमधून गाळून. कुणाचं किती, हे कुणी पाहिलं नाही. मी आत हिराबाईची मान धरून बसले होते आणि दर मिनिटाला बाहेर ओरडत होते, की झालं का.

इंजिन दोनदा खोकलं आणि तिसऱ्यांदा लागलं. पांढरा धूर निघाला, आतून खडखडाट सुरू झाला. आणि साऱ्या गाडीत वास भरला तो खुरासणीची चटणी तव्यावर परतल्यासारखा. त्या दिवशी खिंडीच्या उतारावर गिअर निघाला तेव्हा मी एक शब्द बोलले नाही. उलट मनात म्हणत होते, अजून असू दे उतार, अजून थोडा. वाटेत पोरीला आणखी एक झटका आला. चाकणला दिवेलागण झाली होती. पंपावर अंधार होता, बाबूभाईंनी तिकडे पाहिलंही नाही. पिंपरीच्या दवाखान्याच्या दारात गाडी उभी केली तेव्हा चढ-उतार न बघता, आयुष्यात पहिल्यांदा, सपाटीवर उभी केली.

डॉक्टरांनी पोट कापून मूल काढलं. मुलगी झाली. हिराबाई चौथ्या दिवशी डोळे उघडून माझ्याशी बोलली.

गाडी मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू झाली नाही. तिचा पंप कामातून गेला होता. वर्कशॉपमध्ये तो उघडला तर खुरासणीचा वास साऱ्या खात्यात पसरला. चौकशी लागली. गाडीत हे घातलं कुणी, का, आणि टाकीत तेल नव्हतं तर निघालात कसे, असं होत होत ती डब्यांपर्यंत पोचली. टंचाईच्या दिवसांत कंपनीचं डिझेल खाजगी घरांत साठवलेलं! आमच्याकडची काही माणसं याच दिवसाची वाट पाहत असावीत. किती डबे, कोणत्या गावात, कुणाच्या घरी, विकलं किती, असे प्रश्न सुरू झाले.

बाबूभाईंचं उत्तर एकच होतं. "डबं माझं. तेल मी साठवलं. जागा सांगनार न्हाई."

युनियनचा पुढारी त्यांच्या बाजूचा होता. माझ्याकडून सगळं कळल्यावर त्याने साधा मार्ग काढला. ठकूबाईचं नाव द्या, तिने तेल खर्च केलं आणि वर पाणी घातलं एवढं तिच्याकडून लिहून आणू, म्हणजे चोरी तुमच्यावर येत नाही. मीही बाबूभाईंच्या मागे लागले. हातापाया पडायचं बाकी ठेवलं.

"बाई," ते म्हणाले, "पोलीस जातील तिच्या दारात. डब्याचं काय केलं म्हनून इचारतील. तिनं नवऱ्याला अग्नी दिला. त्याचा पंचनामा करायचा का?"

मला साक्षीला बोलावलं. डबा कुणाकडे होता, असं साहेबांनी विचारलं. मी म्हणाले, मला माहीत नाही. रोग्याच्या नातेवाइकांशीही कधी खोटं न बोलणारी मी, ते वाक्य बोलून बाहेर आले आणि दवाखान्याच्या मागे जाऊन रडले. मी खरं बोलले असते तर ते सुटले असते. त्यांनी मला बोलू दिलं नाही, याचा राग मला अजून आहे.

चोरी शाबीत झाली नाही, म्हणून नोकरी राहिली. पण गाडी काढून घेतली. त्यांना आवारातल्या फोर्कलिफ्टवर टाकलं. गोदामापासून गेटपर्यंत खोकी वाहायची आणि परत फिरायचं. ज्या माणसाने सात-आठ वर्षं डोंगराच्या वाटा तुडवल्या, त्याला कुंपणाच्या आत कोंडलं. फिरता दवाखाना पुढे काही महिन्यांत बंदच पडला. गाडी गेली त्या आठवड्यात बाबूभाईंनी चार दिवस रजा टाकली होती. आजारी असतील असं मला वाटलं. ते यष्टीने आणि पायी पाचही गावं फिरून आले होते, हे मला पुष्कळ नंतर कळलं. डब्यातलं राहिलेलं तेल तुमचं, आता घरात ठेवू नका, असं प्रत्येकाला सांगून आले. आणि सगळ्यांना सांगितलं, की मला बढती मिळाली, आता मी मोठ्या साहेबांची गाडी चालवतो.

त्यानंतर दोन-तीन वर्षांनी एका सकाळी गेटवरच्या वॉचमनने निरोप पाठवला, सिस्टरला भेटायला आवळेवाडीची बाई आली आहे. मी गेले. हिराबाई उभी होती, डोक्यावर पदर, हातात तांदळाचं गाठोडं आणि पिशव्या, कडेवर पोर. आम्ही बोलत उभ्या होतो तोच बाबूभाई फोर्कलिफ्ट घेऊन गेटपाशी आले. ग्रीसने माखलेला निळा डगला, तरी गळ्याची गुंडी लावलेली. हिराबाईने त्यांच्याकडे पाहिलं आणि नजर वळवली. ओळखणार कशी? आमची गाडी यायची तेव्हा ती सासुरवाशीण घराच्या आत असायची, आणि त्या दिवशी तर ती शुद्धीवरच नव्हती.

"ते डायवरदादा हायेत का, सिस्टर?" तिने मला विचारलं. "त्यांच्या पाया पडायचं व्हतं. सासू म्हनली, त्यांना भेटल्याबिगर येऊ नको."

मी बाबूभाईंकडे पाहिलं. त्यांनी अगदी थोडी मान हलवली, नाही अशी. मग स्वतःच खाली उतरले.

"मुलानी न्हवं? ते सायबासंगं म्हमईला असत्यात आता," ते म्हणाले. "मोठ्या गाडीवर. मी कळवीन त्यांना."

"तुमच्या वळखीचे हायेत?"

"हायेत की. ठकूबाई बरी हाय का? त्ये नेहमी इचारत असत्यात, म्हनून इचारलं."

"बरी हाय. माझी पोरगी तिच्याकडंच असती दिसभर," हिराबाई म्हणाली. "आता यष्टी सुरू झालीया वाडीपत्तोर. डिझेल आसलं म्हंजी येती."

बाबूभाई हसले. तिची परतीची यष्टी थोड्या वेळात होती आणि हातात पिशव्या होत्या, म्हणून त्यांनी वॉचमनला सांगून पोरीला उचलून घेतलं आणि दोघी मायलेकींना रस्त्यापलीकडच्या थांब्यावर घेऊन गेले. मला आतून बोलावणं आलं होतं, पण मी हलले नाही. ते पोरीला खांद्यावर घेऊन उभे होते आणि हिराबाई त्यांना काहीतरी सांगत होती. यष्टी आली. त्यांनी पोरीला खिडकीतून आत दिलं. यष्टी भोसरीच्या दिशेने वळून दिसेनाशी झाली तरी ते थांब्यावरच होते. मागून सुपरवायझर त्यांच्या नावाने शंख करत होता.

पुढच्याच महिन्यात ते निवृत्त झाले. मी तेव्हा रजेवर होते, त्यामुळे निरोपाच्या समारंभाला नव्हते. माझ्या लेखी ती सकाळ हाच त्यांचा निरोप. त्या सकाळी थांब्यावरून परतून गेटमधून आत येताना ते माझ्याजवळ थांबले. मी रागाने काहीतरी म्हणणार होते, की तुम्ही तिला सांगितलं का नाहीत, तिचा तेवढा तरी हक्क होता. त्यांनी मला बोलू दिलं नाही. उजवा हात डाव्या हाताने चोळत होते, खांदा अवघडला असावा.

"बाई, पोरगी चांगली जड हाय," ते म्हणाले, आणि गोदामाकडे चालू लागले.